प्रदक्षिणेच्या वाटेवरची राणी

साल एकोणीसशे त्रेसष्ट. मे महिना सरत आला होता आणि मालवणात त्या दुपारी माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती. कावेरी माजघराच्या उंबऱ्याशी बसून फणसाचे गरे सोलत होती. हाताला खोबरेल लावलेलं, तरी चीक बोटांना धरत होता. तेवढ्यात बाहेरच्या दारातून मुलगा आत आला, त्यानं पायांतल्या वहाणा उडवल्या आणि देवखोलीच्या भोवतीच्या वाटेवर तो शिरला तो उलट्या बाजूनं. देवाला डाव्या हाताला घालून. एवढंच झालं. दुसऱ्या कुणाच्या घरात ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ह्या घरात त्या वाटेवर उलटं कुणी चालत नसे. उलटं चालायचं ते घरातलं माणूस गेलं म्हणजे. सात वर्षांपूर्वी कावेरीचा नवरा गंगाराम विषमज्वरानं गेला, तेव्हा त्याला बाहेर काढताना पुरुषमाणसं तेवढी त्या बाजूनं आली होती. कावेरीच्या हातातला गरा हातातच राहिला. ‘अरे, तसो नको,’ असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण ती बघतच राहिली. कारण मुलगा पहिल्या तसबिरीपाशी थांबला होता आणि मान वर करून काचेच्या आतलं इंग्रजी वाचत होता, आणि त्याच्या मानेवरचा तो केसांचा भोवरा सहा वर्षांत जसाच्या तसा होता.

तो मुलगा तिच्या पोटचा. नाव परशुराम, घरातलं नाव बाबली. पण सहा वर्षांमागे तो तिच्या थोरल्या दिरांना दत्तक गेला आणि देवगडला जाऊन जयराम झाला. आता तो तिला काकी म्हणत असे.

तसबिरी अप्पांच्या. अप्पा म्हणजे तिचे सासरे. बंदरावरच्या कस्टम कचेरीत त्यांनी उभा जन्म कारकुनी केली होती. कधीकाळी एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना घरातलं सामान काढून बसला, खुर्च्या-कपाटं मोठ्या लोकांनी नेली आणि भिंतीवरच्या सात तसबिरी कुणी घेईना, त्या अप्पांनी डोक्यावरून घरी आणल्या. काळ्या चौकटी, आत जाड पिवळट कागद, आणि कागदावर बारीक काळ्या रेघांनी काढलेली एक राणी. कुठे जहाजावर, कुठे देवळात, कुठे तुरुंगात. रेघा इतक्या बारीक की राणीच्या ओढणीची जाळी बोटानं उसवता येईल असं वाटे. एवढं मोठं बिऱ्हाड लावायचं कुठे? अप्पांनी घर बांधलं तेव्हा आईच्या हट्टापायी देवखोली मधोमध घेतली होती आणि तिच्या चारी अंगांनी छपराखालून वाट ठेवली होती, म्हणजे पावसाळ्यात म्हातारीला भिजल्यावाचून देवाला फेऱ्या घालता याव्यात. त्या देवखोलीच्या बाहेरच्या भिंतींवर अप्पांनी तसबिरी लावल्या. साहेबाच्या दिवाणखान्यात होत्या तशाच ओळीनं, डावीकडून उजवीकडे. इंग्रजी पुस्तक वाचावं तशी ती गोष्ट वाचायची.

पण घरातल्या बायका काही पुस्तक वाचत नव्हत्या. त्या चालत होत्या. न्हाऊन, ओल्या केसांची गाठ मारून, देव उजव्या हाताला ठेवून त्या फेऱ्या घालत आणि उजव्या हाताच्या भिंतीवरची राणी त्यांना उलट्या बाजूनं भेटत जाई. शेवटची तसबीर आधी, पहिली शेवटी. कुणी मुद्दाम केलं नाही, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सासूबाईंनी गोष्ट जुळवली, ती नणंदेला सांगितली, नणंदेनं कावेरीला. पन्नास साली कावेरी लग्न होऊन आली, तेव्हा सीता, तिची नणंद, तिला घर दाखवत त्या वाटेनं घेऊन गेली होती. ‘ही बघ, हय राणयेक मारूक काढल्यानी. बघ तो कुऱ्हाडवालो. पण तिना डोळे मिटून देवाचा नाव घेतल्यान, म्हणान वाचली. ह्यो कुत्रो बघ, झग्याखाली लपलो हा. हय तुरुंगात बसान शिवण करता. ही होडयेतसून पळाली. हय सरदार मनगट धरून राज्य लिवन देतत तिका. हय तिचा झील परत गावता. ही सगळी देवळात पाया पडूक आयली. आणि शेवटाक बघ, गलबतात बसान माहेराक जाता. सगळा भोगून झाल्यार माहेर! बायलमाणसाची गोष्ट ती, पुरुषांका काय समाजतली?’ आणि सीता खदखदून हसली होती. कावेरीही हसली. नव्या घरात आलेलं पहिलं हसू ते. शिरोड्याचं माहेर तिला त्या वेळी जहाजानं जायच्या देशाइतकं लांब वाटत होतं.

‘काकी,’ मुलगा तिकडून ओरडला, ‘हय काय लिवलेला आसा, म्हायत आसा तुका?’

‘माका खयसून इंग्रेजी येतला रे बाबल्या?’

‘बाबली म्हणा नको. आई रागावता.’

‘बरा. जयराम. सांग.’ ती हात पुसत उठली.

‘ही स्कॉटलंडची राणी. मेरी. आमच्या सरांनी गोष्ट सांगलेली हा. ही गलबतातसून येता, जाता नाय. हयसून गोष्ट सुरू जाता.’

‘सुरू खयची? ता शेवटचा. माहेराक जाता ती.’

मुलगा हसला. आतल्या खोलीत खाटेवर पडलेल्या अप्पांचा खोकला ऐकू आला आणि थांबला. ‘माहेरासारख्या देशातसून येता गो ती. घोव मेलो, मगे राहतली खय? मागे बघता ती, किनारो दिसता काय म्हणान.’ आणि तो पुढे सरकला, देव डाव्या हाताला ठेवून, आणि कावेरी त्याच्या मागून चालू लागली. तेरा वर्षं ज्या वाटेवर तिला डोळे मिटून पाऊल टाकता येत होतं, त्या वाटेवर ती ठेचकाळली. कोपरा भलत्या बाजूला आला. कोनाड्यातली समई भलत्या हाताला आली. मुलाचं बोट एकेका काचेवर टेकत होतं. लग्न. मग पाळणा.

त्या पाळण्याच्या तसबिरीपुढे कावेरी रोज थांबत असे. राणी वाकलेली, तिचे दोन्ही हात पुढे. समोर दाई, तिचेही हात पुढे. आणि चार हातांच्या मधोमध लंगोटातलं मूल. मागे दारात घोडे उभे. इतक्या बारीक रेघा काढणाऱ्या त्या माणसानं एक गोष्ट मात्र काढली नव्हती: मूल कुठून कुठे चाललं आहे ती.

‘ह्यो तिचो झील,’ मुलगा म्हणाला. ‘दाई तेका घेऊन जाता. वर्साचो पण नाय होतो. मगे तिका तो कदी दिसलो नाय.’

‘कदीच?’

‘कदीच.’

‘मोठो झाल्यार आवशीक सोडवूक गेलो असतलो.’

‘नाय गेलो. तो राजा झालो ना. तेका कामा असतली.’

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं, की कावेरीला क्षणभर त्या परक्या राजाचीच कीव आली. मग तो शेवटच्या तसबिरीपाशी गेला, जिथून तिची रोजची फेरी सुरू होई, आणि म्हणाला, ‘हय मान कापल्यानी तिची.’

‘माका म्हायत आसा. पण ती वाचता.’

‘वाचत नाय, काकी. गोष्ट संपली हय.’

आणि मुलगा गरे खायला माजघरात पळाला. ती तिथेच उभी राहिली. काचेत राणीच्या गुडघ्यांवर तिचं स्वतःचं तोंड आलं होतं. काळ्या झग्याखालून तो कुत्रा डोकावत होता. ह्या कुत्र्याला आपण इतकी वर्षं भ्यालेला समजत होतो, तो लपलेला नव्हता, तो जायला तयार नव्हता, एवढं तिला कळलं. बाकीचं कळायला तिला वेळ लागला. एखादा घाव लागल्यावर आधी फक्त गार वाटतं, तसं झालं होतं. तिच्या मनात एकच गोष्ट पुढे आली. अप्पा. अप्पांना इंग्रजी येत होतं.

गंगाराम गेला त्या वर्षी मुलगा पाच वर्षांचा होता. थोरले दीर, भाई, देवगडला आंब्याचा व्यापार करत. मालवणचं घर त्यांच्याच जिवावर चाले. भाईंची बायको काशीबाई. तिची कूस उजवली नव्हती आणि तिच्या माहेरची माणसं आपला एक भाचा तिच्या मांडीवर बसवायला टपली होती. तसं झालं तर घरदार परक्या कुळाला जाणार. अप्पा दिवसभर पडवीत येरझाऱ्या घालीत. मग एका संध्याकाळी भाई आले. धाकट्या भावाच्या विधवेशी सरळ बोलायची रीत नव्हती. ते भिंतीवरच्या जहाजाकडे बघून बोलले. ‘घरातलो झील घरातच रवतलो. देवगड काय विलायत नाय. सातवी झाली काय हय मालवणच्या शाळेत धाडतंय. मगे तो आणि त्येची आवस.’ जहाजानं उत्तर दिलं नाही. कावेरीनंही दिलं नाही. त्याच हिवाळ्यात नवा कायदा झाला होता, आईनं हो म्हटल्याशिवाय मूल देता येत नव्हतं. म्हणजे सगळं येऊन थांबलं होतं तिच्या एका शब्दावर, आणि आजवर त्या घरात तिच्या शब्दावर साधी आमटीही थांबली नव्हती. ती जेवेना. मुलाला मांडीवर घेऊन देवखोलीच्या वाटेवर बसे. मुलगा विचारी, ‘आये, राणयेची गोष्ट सांग,’ आणि ती सांगे. कुऱ्हाडीपासून गलबतापर्यंत. पाळण्यापाशी आली की मुलगा स्वतःच पुढचं म्हणे, ‘आणि मगे झील परत गावलो!’ आणि टाळी वाजवी.

अशाच एका सकाळी अप्पा काठी टेकत आले. कावेरी पाळण्याच्या तसबिरीपुढे उभी होती. सासऱ्यांपुढे तिनं कधी वर मान केली नव्हती. त्या दिवशी केली. ‘अप्पा, हिका झील परत गावलो मां?’ अप्पांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं काचा पुसल्या. मग ते म्हणाले, ‘होय. मिळाला. परत मिळाला.’ घरात अप्पा सगळ्यांसारखंच मालवणी बोलत. शुद्ध बोलत ते फक्त कचेरीत आणि देवापुढे संकल्प सोडताना. म्हणून कावेरीनं त्या शब्दांवर बोटाचा ठसा उमटवावा तसा विश्वास ठेवला.

चैत्रात विधी झाला. पाटावर ती बसली, मांडीवर बाबली, नव्या कोऱ्या रेशमी कदाच्या पंच्यात. समोर भाई आणि काशीबाई. होमाचा धूर छपराला अडून खाली येत होता. भटजींनी तिच्या ओंजळीत पाणी घातलं, ते तिनं ताम्हनात सोडलं आणि मुलाला काखेत धरून पुढे केलं. त्या वेळी तिच्या मनात आलं होतं की हे आपण आधी पाहिलं आहे. चार हात, मधे मूल. भटजी म्हणाले, ‘बाय, हात सोड.’ तिला वाटत होतं सोडलेच आहेत. ‘हात सोड गो,’ ते पुन्हा म्हणाले. मग सीतेनं मागून येऊन तिची बोटं एकेक करून उघडली. भाईंनी मुलाला मांडीवर घेऊन त्याच्या टाळूचा वास घेतला, तशी रीतच आहे. त्या टाळूला तिनं सकाळी घातलेल्या तेलाचा वास होता. काशीबाईनंही वास घेतला. तिला सांगितलं नव्हतं कुणी, तिनं आपण होऊन घेतला, डोळे मिटून, आणि ती रडू लागली. त्या रडण्यामुळेच कावेरीला तिचा राग धरता आला नाही. धरता आला असता तर सहा वर्षं थोडी सोपी गेली असती.

सहा वर्षं ती रोज फेऱ्या घालत राहिली. इतर बायका काही मागत असतील देवाजवळ, ती मागत नव्हती. ती फक्त गोष्ट पुढे ढकलत होती. कुऱ्हाड झाली. तुरुंग चालू आहे. शिवण करायची, तोंड मिटून करायची. सुट्टीत मुलगा दोन दिवस येई, उंच झालेला, देवगडचं बोलणं तोंडात, पहिल्या वर्षी आये, दुसऱ्या वर्षी काहीच नाही, तिसऱ्या वर्षी काकी. होडीत आहोत आपण, ती मनात म्हणे, होडी हलणारच. ह्या वर्षी सातवीचा निकाल लागला तसा तिनं बाळा सुताराकडून फणसाच्या फळ्यांचं टेबल करून घेतलं. पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवलं. टेबलाला अजून ओल्या लाकडाचा वास येत होता. मुलानं त्यावर हात फिरवून ‘बरा आसा गो’ म्हटलं होतं, दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला म्हणावं तसं.

आता भाई पडवीत पान लावत बसले होते. ती दारात जाऊन उभी राहिली. कधी नव्हे ते तिनं स्वतः बोलायला सुरुवात केली. ‘जयरामाचा शाळेचा...’

भाई अडकित्त्याकडे बघत म्हणाले, ‘देवगडातच घालूचा ठरला हा. हायस्कूल चांगला झाला. तिका तेच्याशिवाय घास गिळना नाय.’ तिका म्हणजे काशीबाईला. ‘तू सांगणा नाय, पण तुका समाजता. तू शाणी आसस.’

‘तुमी म्हटला होतास, सातवी झाली काय...’

‘म्हटला होता.’ सुपारी दोन ठिकाणी कातरली गेली. ‘तेवा म्हटला होता. पोरगो काय पेटी आसा, उचलून हयसून थय ठेवूची? तेकाच इचार.’

तिनं विचारलं नाही. आपण विचारलं आणि त्यानं खरं सांगितलं तर, ही भीती तिला त्या क्षणी सगळ्यांत मोठी वाटली. ती आत वळली. अप्पांची पेजेची वेळ झाली होती. दोन वर्षांमागे अप्पांचं डावं अंग गेलं होतं. तेव्हापासून त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर करणं तिच्याकडे. तोंड थोडं वाकडं झालं होतं, पण बोलणं शाबूत होतं. मागच्या खोलीत औषधी तेलाचा आणि जुन्या चादरींचा वास होता. तिनं वाटी घेतली, खाटेच्या कडेला बसली. अप्पा तिच्याकडे न बघता तुळईकडे बघत होते. म्हणजे त्यांनी मुलाचं सगळं ऐकलं होतं.

‘अप्पा. तुमका म्हायत होता.’

‘काय गो?’

‘राणयेचा.’

बाहेर मुलगा फणसाची आठळी भिंतीवर फेकून झेलत होता. टप. टप. ‘म्हायत होता,’ अप्पा म्हणाले.

‘मगे होय कित्या म्हटलास?’

‘तुझ्या तोंडाकडे बघून नाय म्हणूक जमला नाय.’

‘तुमी नाय म्हटला असता, तर मी झील दिलो नसतंय.’

‘तां पण म्हायत होता,’ अप्पा म्हणाले. त्यांच्या चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी कानाकडे गेलं. दुसरा डोळा कोरडाच उघडा राहिला. ‘म्हणान तर होय म्हटलंय.’

चमचा तिच्या हातात होता. पेज निवत चालली होती, वर साय धरत होती. कावेरीला वाटलं, आपण आता उठावं आणि ही वाटी खिडकीतून बाहेर फेकावी, आणि मग त्या सातही काचा पाटा-वरवंट्यानं फोडाव्यात, आणि मग रस्त्यावर जाऊन किंचाळावं, लोक जमू देत. तिच्या अंगात ते सगळं होतं. पण म्हातारा तोंड उघडून पडला होता, चिमणीच्या पिलासारखं, लाज वाटून ते मिटायलाही त्याच्या अर्ध्या अंगात जोर नव्हता. तिनं चमचा त्या तोंडात घातला. ओघळ पुसला. दुसरा चमचा भरला. वाटी संपेपर्यंत भिंतीच्या पलीकडे ती आठळी आपटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई मुलाला घेऊन एस.टी.नं निघाले. कावेरीनं पातळ बदललं आणि ‘अप्पांचा तेल हाडूचा आसा कट्ट्याच्या वैद्याकडून’ म्हणत तीही गाडीत चढली. तेल घरात होतं. सीतेनं ते बघितलं होतं. ती फक्त म्हणाली, ‘मी बसतंय अप्पांकडे. जा तू.’ भाई पुढे ड्रायव्हरच्या पाठीशी बसले. मुलगा खिडकीशी आणि शेजारी ती. सहा वर्षांत एवढं जवळ ती त्याच्या बसली नव्हती. गाडी वळली की त्याचा खांदा तिच्या दंडाला लागे आणि पुन्हा दूर होई. त्याच्या डोक्याला आता दुसऱ्याच तेलाचा वास होता.

‘चतुर्थीक येशीत?’ तिनं विचारलं.

‘आईक इचारूचा लागात.’

‘होय तर. इचार.’ रस्त्याच्या कडेनं काजूची झाडं मागे पळत होती. किती थोडा रस्ता हा, तिला वाटलं, आणि किती खड्डे त्यात, तरी गाडी कशी जोरात चालली आहे. ‘तुका आठवता रे, मी राणयेची गोष्ट सांगी होतंय ती?’

‘आठवता. उलटी सांगी होतंस.’ तो हसला, मग बाहेर बघत राहिला, आणि बाहेर बघतच म्हणाला, ‘देवगडाक गेल्यार मी रोज सांगी होतंय ती.’

‘कोणाक?’

‘कोणाक नाय. मनात. निजताना. मगे सर वर्गात राणयेचा सांगूक लागले, तेवा मी हात वर केलंय आणि सांगलंय, सर, शेवटाक तिका झील परत गावता. सगळी पोरा हसली.’

‘मगे?’

‘मगे सरांनी खरी गोष्ट सांगल्यानी.’

‘आणि मगे?’

‘मगे काय? मगे सोडलंय.’

तो खिडकीच्या दांडीवर नखानं काहीतरी खरवडत होता. म्हणजे तोही होडीत बसला होता. तिकडे, देवगडला, काशीबाईच्या कुशीत, हा एवढासा जीव कुऱ्हाडीपासून सुरू करून रोज पाळण्यापर्यंत येत होता, वाट बघत होता, आणि मालवणात ती चालत होती, दोघं एकाच वाटेवर, आणि कुणी कुणाला हाक मारली नाही. एखाद्या रात्री ती नुसती उठून देवगडची गाडी धरती तर! ते तिच्या डोक्यात कधी आलंच नाही. परत मिळणारच होता ना तो. जे मिळणारच आहे त्याच्यासाठी कोण धावतं?

तिनं त्याच्या मांडीवर हात ठेवला. त्यानं तो काढला नाही, धरलाही नाही. ‘काकी, तू रडा नको हां. बाबा बघतले,’ तो हळूच म्हणाला.

वाटेतल्या कट्टा गावाला गाडी थांबली. भाई मागे न वळता कंडक्टरला म्हणाले, ‘हय एक बायलमाणूस उतरतला.’ ती उतरली. बाजाराचा दिवस नव्हता. दोन दुकानं उघडी होती, एक कुत्रा सावलीला पडला होता. गाडी सुरू झाली. खिडकीच्या दांडीवर मुलाचा हात होता. तो हलला. तिला निरोप द्यायला हलला की गाडीच्या हिसक्यानं, हे तिला कळलं नाही, पुढे जन्मभर कळलं नाही. मुलगा मागे बघत होता, धूळ उठेपर्यंत दिसला. मग रिकाम्या हातांनी ती चालत मालवणला निघाली. परतीच्या गाडीची वाट बघत तिला कुठे बसवेना. ऊन चढत गेलं. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं आणि म्हणालं, ‘वयनी, भर उन्हात खय?’ तिनं सांगितलं, ‘तेल हाडूक गेलंय.’ आणि पदराखाली काही धरल्यासारखे हात केले.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. सीतेनं समई लावली होती. कावेरी पाय धुऊन देवखोलीच्या वाटेच्या तोंडाशी आली. एका हाताला कुऱ्हाड, दुसऱ्या हाताला जहाज. ती तिथे उभी राहिली, आणि तिला कुठल्याच बाजूनं पाऊल टाकता येईना.

त्यानंतर तिनं त्या वाटेवर फेऱ्या घातल्या नाहीत. अप्पा पुढच्या आषाढात गेले. शेवटपर्यंत त्यांना तिनंच भरवलं, आणि त्यांना उलट्या बाजूनं बाहेर काढलं तेव्हा ती सगळ्या तसबिरींवरून खांदेकऱ्यांच्या सावल्या सरकताना बघत होती. सीता शाळेत मास्तरीण झाली, तिनं लग्न केलं नाही. मुलींना इतिहास शिकवला आणि निवृत्त होऊन शिरोड्याला एका मैत्रिणीकडे राहिली. फणसाच्या टेबलावर आधी अप्पांची औषधं आली, मग पाण्याच्या कळशा. त्याचं लाकूड फार चांगलं निघालं. भाई अडुसष्ट साली आंब्याच्या ऐन हंगामात छातीत कळ येऊन गेले आणि धंदा भागीदारांत वाटला गेला. जयराम मुंबईला शिकला, मोठ्या कंपनीत लागला, मग परदेशी गेला, तिथेच लग्न केलं. आधी चतुर्थीला यायचा, मग वर्षाआड, मग कामं असत. देवगडचं घर विकल्यावर काशीबाईला ठेवायचं कुठे हा प्रश्न आला, तेव्हा तिला मालवणला आणून सोडायलाही तो येऊ शकला नाही. देवगडचा एक शेजारी तिला घेऊन आला.

कावेरीनं तिला आत घेतलं. दोघी एका चुलीवर शिजवू लागल्या. दोन तसबिरींना वाळवी लागली होती, एकीची काच तडकली होती, तरी चार बऱ्या होत्या. काशीबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ती सकाळी न्हाऊन, उजवा हात भिंतीवरून सरकवत, हळूहळू फेरी घाली. कावेरी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडी. एका सकाळी हात सरकता सरकता थांबला. पाळण्याच्या काचेला काशीबाईनं डोळा लावला होता.

‘कावेरी,’ ती म्हणाली, ‘माका नीट दिसणा नाय. ह्या पोर तिका परत गावला मां गो?’

सुपातले हात थांबले. बाहेर माडाच्या झावळ्या हलत होत्या. कावेरीनं पदरानं तोंड पुसलं.

‘होय अक्का,’ ती म्हणाली. ‘मिळाला. परत मिळाला.’